तीनशे सहासष्टावा दिवस

इंग्लंडमध्ये २००४ पर्यंत एक विचित्र हिशेब चालत होता. चोरीच्या खटल्याला तिथे मुदत नव्हती. कुणी चांदीचा चमचा लांबवला आणि चाळीस वर्षांनी तो त्याच्या कपाटात सापडला, तरी खटला भरता येत होता. पण प्रौढ पुरुषाने तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीशी शरीरसंबंध ठेवले आणि त्याला तिची ‘संमती’ होती असं धरलं गेलं, तर खटला बारा महिन्यांच्या आत उभा राहायला हवा होता. वर्ष उलटलं की संपलं. तीनशे पासष्टाव्या दिवशी तो माणूस आरोपी होऊ शकत होता. तीनशे सहासष्टाव्या दिवशी त्याच कृत्यासाठी त्याच्या केसालाही धक्का लागत नव्हता.

ही मुदत आली १८८५ साली. मुलींचं संमतिवय तेरावरून सोळावर नेणारा तो कायदा सुधारणेचा मोठा टप्पा म्हणून आजही सांगितला जातो. त्याच कायद्यात खटल्याला मुदत घातली होती तीन महिन्यांची. तीन महिन्यांत मुलीला दिवस गेलेत हेसुद्धा घरात पुष्कळदा धड कळत नाही. पुढे १९०४ मध्ये मुदत सहा महिने झाली, १९२२ मध्ये नऊ आणि १९२८ मध्ये बारा. खोट्या तक्रारी होतील, पैसे उकळले जातील, रागाच्या भरात जुन्या गोष्टी उकरल्या जातील, अशी कारणं या मुदतीसाठी सांगितली जात. मला वाटतं खरं कारण साधं होतं. कायदा करणाऱ्यांना तेरा वर्षांखालच्या मुलीवरचा अत्याचार गुन्हा वाटत होता. चौदा-पंधराच्या मुलीबरोबरचा ‘संबंध’ मनातून तितकासा वाटत नव्हता. गुन्हा नाही म्हणण्याची हिंमत नव्हती आणि गुन्हा म्हणण्याची इच्छा नव्हती. मग व्याख्येने करायचं काम घड्याळावर ढकललं. शिक्षाही जास्तीत जास्त दोन वर्षांची ठेवली.

हा सगळा प्रकार किती अंगाशी येऊ शकतो हे कळलं ते ऑक्टोबर २००४ मध्ये. तेरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात तक्रार काही वर्षांनी झाली होती. बारा महिने केव्हाच उलटले होते. म्हणून सरकारी पक्षाने एक वळसा घेतला: शरीरसंबंधाचं कलम न लावता त्याच कृत्यासाठी विनयभंगाचं कलम लावलं, कारण त्याला मुदत नव्हती. आरोपीला शिक्षा झाली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे बहुमताने निकाल लागला की संसदेने समोरचं दार बंद केलं असताना मागच्या दाराने आत जाता येणार नाही. दोषसिद्धी रद्द झाली. न्यायाधीश बॅरोनेस हेल यांनी एकट्यांनी विरोधी मत नोंदवलं. शब्दशः वाचलं तर बहुमताचा निकाल चुकीचा म्हणता येत नाही; कायदा तसाच लिहिलेला होता. पण त्याचा परिणाम पाहा. कमी गंभीर स्पर्शासाठी पुढची कितीही वर्षं खटला चालू शकत होता, आणि त्याहून गंभीर कृत्यासाठी वर्षानंतर अजिबात नाही. जितकं पुढे जाल तितके सुरक्षित.

अल्पवयीनांशी ठेवलेल्या संबंधांच्या गुन्ह्यांना मुदत असावी का, या प्रश्नावर जगभर वाद आहेत. बहुतेक वेळा तो वाद वर्षांच्या आकड्यावर अडतो. दहा की वीस, तीस की कधीच नाही. माझं म्हणणं असं आहे की आकड्याकडे जाण्याआधी हे पाहावं की मुदतीच्या नावाखाली आपण दुसराच कुठला प्रश्न मिटवतो आहोत.

आधी मुदत मुळात का असते ते. फौजदारी कायद्यात मुदत घालण्याची कारणं पोकळ नाहीत. साक्षीदार मरतात, कागद रद्दीत जातात, आठवणी पातळ होतात. माणसाच्या डोक्यावर किरकोळ गोष्टीची तलवार जन्मभर टांगून ठेवू नये. तक्रार करणाऱ्यानेही हातावर हात ठेवून बसू नये. भारताच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६८ होतं, आता २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ५१४ आहे. त्याचा हिशेब शिक्षेच्या वजनावर चालतो. फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याला तीन वर्षं. त्याहून गंभीर गुन्ह्याला मुदतच नाही. ऐकायला हे नीटनेटकं आहे. भांडणात कुणी कुणाला ढकललं असेल तर तीन वर्षं पुष्कळ झाली.

आता हेच गणित एका आठ वर्षांच्या मुलीला लावून पाहू. साल १९९०. घरात येणारा-जाणारा ओळखीचा माणूस तिच्याशी नको ते चाळे करतो. तेव्हा स्वतंत्र बालसंरक्षण कायदा नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, आला १४ नोव्हेंबर २०१२ रोजी. बलात्काराच्या तेव्हाच्या अरुंद व्याख्येत जे बसत नव्हतं ते बहुतेक सगळं भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मध्ये, म्हणजे विनयभंगात, ढकललं जाई. २०१३ च्या दुरुस्तीपर्यंत त्याला जास्तीत जास्त शिक्षा होती दोन वर्षं. म्हणजे मुदत तीन वर्षं. म्हणजे त्या मुलीने वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत न्यायालयाचं दार ठोठवायला हवं होतं. अकराव्या वर्षी तिला पोलीस ठाण्यात एकटीला कुणी उभंसुद्धा केलं नसतं. तिच्या वतीने ज्यांनी जायचं ते घरातले, आणि त्यांच्याच पंगतीला तो माणूस बसलेला. कायदा तिला सांगत होता की तू हक्क वापरला नाहीस म्हणून तो गेला. तो वापरता येण्याजोगा तिच्या हातात कधी आलाच नव्हता.

विलंबमाफीची, म्हणजे झालेला उशीर माफ करण्याची, सोय संहितेत आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. न्यायाच्या हितासाठी गरज वाटली तर न्यायालय मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं. जुनं कलम ४७३, नवं ५१९. कल्पना चांगली आहे. मुदत म्हणजे भिंत न ठरता एक प्रश्न ठरते: का उशीर झाला, ते सांगा. पण ती सवलत मिळेल की नाही हे न्यायाधीशाच्या मर्जीवर, आणि त्या मर्जीपर्यंत पोचण्याआधीच पुष्कळ लोकांना ‘आता काही होणार नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवलं जातं.

पोक्सोने बरंच बदललं, सगळं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने कायदा मंत्रालयाचा सल्ला घेऊन जाहीर केलं की या कायद्याखाली तक्रार करायला मुदतीची अट नाही. लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार मोठेपणीही करता येईल. वर्तमानपत्रांत याचं स्वागत झालं. पण तक्रार नोंदवून घेणं ही एक गोष्ट आणि न्यायालयाने दखल घेणं ही दुसरी. पोक्सोच्या कलम १२ मध्ये लैंगिक छळाला, म्हणजे मुलाचा सतत पाठलाग करणं, त्याला अश्लील साहित्य दाखवणं, मोबाइलवरून वारंवार संपर्क साधणं अशा गोष्टींना, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नेमकी तीन वर्षं. म्हणजे सामान्य संहितेतली तीन वर्षांची मुदत इथे येऊन उभी राहते. तेराव्या वर्षी सुरू झालेले मेसेज चौदाव्या वर्षी थांबले, तर सतरा पूर्ण होईपर्यंत घड्याळ संपलेलं असतं. मुलगी सज्ञानसुद्धा झालेली नसते. एका शब्दाची दुरुस्ती हवी आहे, आणि ती करायला कुणाची ना नसावी. कुणाच्या लक्षात नाही, एवढंच.

मुलं उशिरा बोलतात हे आता मतापुरतं राहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करायला रॉयल कमिशन बसलं होतं. हजारो लोकांनी बंद खोलीत आपली हकिगत सांगितली. त्यांना पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला सरासरी २३.९ वर्षं लागली होती. पोलिसांना सांगायला लागलेला वेळ हा नाही; आई, मित्र, जोडीदार, कुणालाही सांगायला लागलेला आहे. हा आकडा समोर ठेवून कुठलीही दहा-पंधरा वर्षांची मुदत वाचली की ती जणू मुद्दाम त्याआधीच संपावी म्हणूनच बेतली आहे असं वाटू लागतं.

आणि त्यातही ‘संबंध’ म्हणून जे ओळखलं जातं त्याचा उशीर वेगळ्या जातीचा असतो. मारहाण झालेल्या मुलाला निदान एवढं कळतं की आपल्याला मारलं. चौदा वर्षांच्या मुलीला तिचा तिशीतला शिकवणारा माणूस चिठ्ठ्या लिहितो, तेव्हा तिला आपण निवडले गेलो असं वाटतं. समजा त्यातल्या एका चिठ्ठीत वाक्य आहे: ‘तू तुझ्या वयाच्या मुलींपेक्षा फार समजूतदार आहेस.’ ती चिठ्ठी ती जपून ठेवते. घर बदलतं, शहर बदलतं, चिठ्ठी वहीत राहते. वीस वर्षांनी ती स्वतः शिक्षिका आहे, समोर चौदा वर्षांची चाळीस मुलं आहेत, कुणी पेनाचं टोपण चावतंय, कुणी बाकाखाली पाय हलवतंय. त्या संध्याकाळी ती चिठ्ठी पुन्हा वाचते. शब्द तेच असतात. पण आता तिला माहीत असतं की चौदा वर्षांचं मूल किती समजूतदार असतं, आणि हे वाक्य लिहिणाऱ्यालाही ते माहीत होतं. गुन्हा वीस वर्षांपूर्वी घडला. तो गुन्हा होता हे तिला कळलं त्या संध्याकाळी. मुदतीचे बहुतेक कायदे पहिली तारीख धरतात.

हे ओळखून अनेक देशांनी घड्याळाची किल्ली उशिरा फिरवायला सुरुवात केली. युरोपीय परिषदेच्या २००७ च्या लान्झारोटी कराराने सांगितलं की मूल सज्ञान झाल्यावर पुरेसा काळ मिळेल अशीच मुदत हवी. जर्मनीत १९९४ पासून मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत मुदत मोजत नसत. २०१० मध्ये बर्लिनच्या जेझुइट पाद्र्यांच्या एका नामांकित शाळेतली लैंगिक अत्याचारांची जुनी प्रकरणं बाहेर आली, देश हादरला, आणि ही मर्यादा आधी एकविसावर व २०१५ मध्ये तिसाव्या वाढदिवसावर गेली. स्पेनने २०२१ मध्ये पस्तिसावा वाढदिवस धरला. फ्रान्सने २०१८ मध्ये सज्ञान झाल्यावर तीस वर्षं दिली, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळीसपर्यंत. जपानने २०२३ मध्ये संमतिवय तेरावरून सोळावर नेलं आणि अठरा पूर्ण होईपर्यंतचा काळ मुदतीतून वगळला.

स्वित्झर्लंडची गोष्ट मला यात सर्वांत बोलकी वाटते. तिथे हा प्रश्न थेट लोकांच्या मतपेटीत गेला. ३० नोव्हेंबर २००८ रोजी ५१.९ टक्के लोकांनी कौल दिला की वयात न आलेल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांना मुदत नसावी. सरकारचा आणि संसदेचा कल विरोधी होता. लोकांनी ऐकलं नाही. मग प्रश्न आला की ‘वयात न आलेलं’ म्हणजे किती? राज्यघटनेत शब्द घालणं सोपं असतं, कलम लिहिणाऱ्याला आकडा लागतो. शेवटी बारा वर्षांखाली असं ठरलं आणि २०१३ पासून ते लागू झालं. बाराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचा गुन्हा कधीच शिळा होत नाही, दुसऱ्या दिवशीचा होतो. घड्याळ काढून टाकायला गेले आणि कॅलेंडर हातात घेऊन परतले, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. तरीही दिशा बरोबर होती.

तीस, पस्तीस, अठ्ठेचाळीस या आकड्यांमागे कुठलं शास्त्र आहे असं मला वाटत नाही. संसदेतली ती घासाघीस असते. म्हणून माझं मत स्पष्ट लिहितो: प्रौढाने मुलाशी केलेल्या लैंगिक गुन्ह्याला मुदत नसावी. किरकोळ समजल्या जाणाऱ्या प्रकारांचीही मुदत निदान मूल सज्ञान होईपर्यंत सुरूच होऊ नये.

यावर आरोपीच्या बाजूने जी हरकत घेतली जाते ती उडवून लावण्यासारखी नाही. एकतीस वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होतात? मी तरी सांगू शकणार नाही. त्या दिवशी मी परगावी होतो हे दाखवणारं हजेरीपुस्तक केव्हाच रद्दीत गेलं, ज्याच्याबरोबर होतो तो वारला, ती इमारतही पडली. आरोप करायला आठवण पुरते, नाकारायला मात्र कागद लागतो, अशी निर्दोष माणसाची अडचण होते. ‘निर्दोष असाल तर घाबरता कशाला’ हे वाक्य ज्यांनी कधी कोर्टाची पायरी चढली नाही तेच बोलतात.

पण या अडचणीवर मुदत हा उपाय आहे का? मुदत पुरावा बघत नाही. भरभक्कम पत्रं, छायाचित्रं, खुद्द आरोपीची लेखी कबुली असली तरी ती खटला बंद करते, आणि पुरावा अगदी तकलादू असला तरी मुदतीच्या आत खटला चालू देते. काळाने पुरावा खाल्ला आहे का, हे प्रत्येक प्रकरणात वेगळं असतं, म्हणून ते प्रकरण बघूनच ठरवायला हवं. इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यांना सर्वसाधारण मुदत नाही, तिथे न्यायाधीशाला अधिकार आहे की इतक्या उशिराने आता न्याय्य सुनावणी शक्यच नाही असं दिसलं तर खटला थांबवायचा. हरवलेलं हजेरीपुस्तक नेमकं काय सिद्ध करणार होतं, हे तिथे विचारता येतं. शिवाय सिद्ध करण्याचं ओझं सरकारी पक्षावर असतं आणि काळ त्याचाही पुरावा खातो. संशयाचा फायदा तीस वर्षांनीही आरोपीलाच मिळायचा असतो. यातून सगळे निर्दोष सुटतील अशी हमी मी देणार नाही. ती ताज्या गुन्ह्यांतही नसते.

एका ठिकाणी मात्र मी मुदतीच्या बाजूने उभा राहीन, आणि ते ठिकाण पीडितांना फार टोचतं. संपलेली मुदत कायदा बदलून पुन्हा जिवंत करता येईल का? कॅलिफोर्नियाने १९९३ मध्ये तसं केलं. त्या कायद्याखाली १९५५ ते १९७३ या काळातल्या कृत्यांसाठी १९९८ मध्ये एका माणसावर आरोप ठेवले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, सांगितलं की हे घटनेत बसत नाही. सरकारने एकदा ‘तुझ्यावर आता खटला नाही’ असं म्हटलं की तो शब्द मागे घेता येत नाही. आरोपी घृणास्पद असेल. शब्द सरकारचा आहे. ज्या सरकारला जुनी मुदत उठवून मागचे गुन्हे उकरता येतात ते उद्या दुसऱ्याच कुणाच्या बाबतीत तेच करील. चालू असलेली मुदत वाढवा, पुढची रद्द करा, संपलेल्या मुदतीला हात लावू नका, ही रेघ मला मान्य आहे.

तिची किंमत केवढी असते हे पेनसिल्व्हेनियात दिसलं. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवावेत का हे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, सहा कॅथलिक धर्मप्रांतांवरचा अहवाल जाहीर केला. तीनशेहून अधिक धर्मगुरू, ओळख पटलेली एक हजारावर मुलं, चर्चच्याच कपाटातली जुनी कागदपत्रं. म्हणजे पुरावा खाल्ला गेला नव्हता. तो कुलपात नीट जपून ठेवला होता. तरी खटले उभे राहू शकले अवघ्या दोघांवर. बाकीच्यांपैकी कित्येक मेले होते आणि उरलेल्यांची मुदत संपली होती. ज्यांनी लपवलं त्यांनाच लपवण्याचं बक्षीस मिळालं. मुदतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा ‘तक्रारदाराने झोपून राहू नये’ हा मुद्दा इथे उलटा फिरतो. तक्रारदार झोपला नव्हता, त्याला झोपवलं होतं.

अशा वेळी फौजदारी नसलं तरी दिवाणी दार उघडं ठेवता येतं. न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्याने जुन्या, मुदतबाह्य झालेल्या प्रकरणांसाठी नुकसानभरपाईचे दावे करायला एक खिडकी उघडली. ती वर्षभरासाठी होती, वाढवून ऑगस्ट २०२१ पर्यंत नेली. दहा हजारांवर दावे आले. पेनसिल्व्हेनियातही तसंच करायचं ठरलं होतं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागणार होती, तिची जाहिरात वर्तमानपत्रांत द्यायची होती, आणि ती द्यायला सरकारी खातं विसरलं. खरंच विसरलं. २०२१ च्या सुरुवातीला हे उघड झालं, खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला, आणि सगळी प्रक्रिया पहिल्यापासून सुरू करावी लागली. मुदत चुकली म्हणून पीडितांना परत पाठवणाऱ्या राज्याने स्वतः मुदत चुकवली.

डेनिस हॅस्टर्ट यांचं प्रकरण तर कायद्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवावं असं आहे. हे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती, त्याआधी शाळेत कुस्तीचे प्रशिक्षक. त्या काळात त्यांनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची मुदत कधीच संपली होती. एका पीडिताला गप्प ठेवण्यासाठी ते बँकेतून पैसे काढून देत होते, आधी पन्नास पन्नास हजार डॉलर. बँकेने विचारणा केली, तेव्हा ते दहा हजारांच्या आतल्या रकमा काढू लागले, कारण त्यावरच्या रकमेची माहिती सरकारला द्यावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली ती या बँकेच्या चलाखीसाठी. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी त्यांना मुलांवर वारंवार अत्याचार करणारा म्हटलं. मुलांविरुद्धचा गुन्हा संपलेला, बँकेविरुद्धचा जिवंत.

इथपर्यंत जे माझ्याशी सहमत आहेत त्यांच्यापैकी काही जण पुढे गळतील, याची मला कल्पना आहे. कारण मुदत काढून टाकायची तर गुन्हा कशाला म्हणायचं हे आधी नीट ठरवावं लागतं, आणि ते काम कुणालाच आवडत नाही.

भारतात २०१२ पासून अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण ‘बालक’ आहे आणि बालकाच्या संमतीला कायद्यात किंमत नाही. तिशीतल्या माणसाच्या बाबतीत हे अगदी रास्त. पण सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा पूर्ण करून दोन महिने झालेला मुलगा यांनाही तेच कलम लागतं, ज्याला किमान शिक्षा आहे आणि मुदत नाही. अशी पुष्कळ प्रकरणं मुलीच्या तक्रारीवरून सुरू होत नाहीत. मुलगी पळून जाते, बाप पोलीस ठाण्यात येतो, कारण कधी जात असते, कधी धर्म, कधी नुसता राग. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका निकालात म्हटलं की किशोरवयीन प्रेमसंबंधांना चिरडण्यासाठी हा कायदा केलेला नाही. विधि आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय खाली आणू नये असं सांगितलं, पण सोळा ते अठराच्या प्रकरणांत शिक्षा देताना न्यायालयाला मार्गदर्शित मोकळीक द्यावी अशी शिफारस केली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दोषसिद्धी कायम ठेवून विशेष अधिकारात शिक्षा मात्र दिली नाही. ती मुलगी आता त्या माणसाची पत्नी होती, त्यांना मूल होतं, आणि तिला सर्वांत जास्त त्रास झाला होता तो खटल्याचा. त्या प्रकरणात मुलगी चौदाची होती आणि तो पंचविशीच्या आसपास, हेही विसरून चालत नाही. प्रत्येक ‘प्रेमप्रकरण’ निरागस नसतं. म्हणूनच न्यायाधीशाच्या कणवेवर ते सोडू नये, कायद्यात लिहावं.

आता या व्याख्येला मुदतच नाही ही गोष्ट जोडून पाहा. सतराव्या वर्षी दोघं एकत्र होते. नातं तुटलं. पंधरा वर्षांनी घटस्फोटाच्या, मालमत्तेच्या किंवा निवडणुकीच्या भांडणात कुणीतरी ते बाहेर काढतं. इंग्लंडच्या संसदेला १८८५ मध्ये ज्या खोडसाळ खटल्यांची भीती वाटत होती ती इथे खरी ठरू शकते. तीन महिन्यांची मुदत हा तिच्यावरचा उपाय कधीच नव्हता. तिने पोराटोरांना जितकं वाचवलं तितकंच तिशीतल्या मास्तरांनाही वाचवलं. घड्याळाला वयातलं अंतर कळत नाही.

ते कळेल असं कलम लिहिता येतं. कॅनडात संमतिवय सोळा आहे. चौदा-पंधराच्या मुलाचा जोडीदार पाच वर्षांहून कमी मोठा असेल तर तो गुन्हा नाही. बारा-तेराच्या बाबतीत हे अंतर दोन वर्षांच्या आत हवं. आणि एक अट: त्या जोडीदाराच्या हातात अधिकार, विश्वासाची जागा किंवा मुलाचं अवलंबित्व असेल, किंवा तो गैरफायदा घेत असेल, तर ही सूट नाही. म्हणजे वयाने जवळ असलेला प्रशिक्षक सुटत नाही. जपानने २०२३ मध्ये तेरा ते पंधराच्या मुलांसाठी पाच वर्षांच्या अंतराची अशीच रेघ ओढली. कॅनडात गंभीर गुन्ह्यांना मुदत नाही, हे इथे लक्षात घ्यावं. तिथे दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, आणि एक असल्यामुळेच दुसरी सोसवते.

बालहक्कांसाठी काम करणाऱ्या पुष्कळांना वयाच्या अंतराची सूट म्हणजे पळवाट वाटते. भीती खोटी नाही. चाळिशीतला माणूसही स्वतःला प्रेमिकच म्हणवतो. पण ज्याला आकडे मोजता येतात अशा कायद्यासमोर त्याचं ते म्हणणं टिकत नाही. उलट, सगळ्यांना एकाच दोरीने बांधलं की पोलीस, वकील आणि न्यायाधीश गुपचूप स्वतःची चाळणी लावतात. ‘प्रेमप्रकरण दिसतंय’ म्हणून जी फाइल बाजूला पडते तिच्यात पळून गेलेली सतरा वर्षांची मुलगी असते, तशी वहीत चिठ्ठी जपून ठेवणारी चौदा वर्षांचीही असते. मुदत उठवा असं म्हणणाऱ्यांनी त्याच विधेयकात अंतराची सूट मागायला हवी, आणि किशोरांना सोडा असं म्हणणाऱ्यांनी त्याच विधेयकात मुदत उठवायला हवी. दोन्ही गट एकमेकांच्या सभेला जात नाहीत, ही तक्रार मी कितीतरी दिवस करतो आहे.

इंग्लंडने शेवटी ती बारा महिन्यांची मुदत काढली. २००३ चा लैंगिक गुन्हे कायदा १ मे २००४ पासून लागू झाला. पण त्याआधीच्या कृत्यांना जुनाच कायदा लागतो.  म्हणून तिथे एकाच शाळेतल्या, एकाच वर्गातल्या, चौदा वर्षांच्या दोन मुली कल्पून पाहता येतात. दोघींना आपल्यासारख्या समजूतदार आपणच असं सांगणारा माणूस एकच. एकीच्या बाबतीत जे घडलं ते शुक्रवारी, ३० एप्रिलला. दुसरीच्या बाबतीत शनिवारी, १ मेला. दोघी आज पस्तिशी ओलांडून गेल्या आहेत. दोघी एकाच दिवशी पोलिसांकडे गेल्या, तर शनिवारच्या मुलीचा जबाब लिहून घेतला जाईल. शुक्रवारच्या मुलीला आधी तारीख विचारली जाईल.